शेततळ्याच्या अस्तराची निवड

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातील माण व खटाव आणि सांगली जिल्ह्यातील जत व आटपाडी या तालुक्यांत मात्र तो सर्वसाधारणपणे ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. येथील द्राक्षाच्या व डाळिंबाच्या बागा उन्हाळ्यात जगविण्यास शेततळे उपयोगी पडते. परंतु मुरमाड जमिनीत पाणी लवकर झिरपून जात असल्याने तळ्यास प्लास्टिकचे अस्तर, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलीतील ‘कागद’, घालावे लागते.

कागद कोणता घ्यावा?

कमी घनतेचा पातळ पॉलिथिन कागद स्वस्त पडतो. परंतु तो सहज फाटतो. मातीच्या थराखाली झाकल्यास तो टिकतो, पण उतरत्या बाजूंवरून ती माती घसरते. पी.व्ही.सी. कागद मऊ असतो. तथापि ज्या द्रव्यामुळे हा मऊपणा येतो, ते उन्हाने हळूहळू निघून जाते व कागद कडक होऊन तडकतो. उघड्या तळ्यास उच्च घनतेच्या पॉलिथिनचा ५०० मायक्रॉन जाडीचा काळा कागद हितावह होय. त्यातील काजळी सूर्याच्या अतिनील किरणांपासून त्याचे रक्षण करते. विणलेल्या थराचा कागद घ्यावयाचा असल्यास भारतीय मानक १५३५१ ची खूण पाहावी.

जाडीची परीक्षा सोपी आहे. ५०० मायक्रॉन म्हणजे अर्धा मिलिमीटर. सलग, न विणलेल्या अशा कागदाचा एक चौरस मीटर तुकडा सुमारे ४७० ग्रॅम भरतो. वजन बरेच कमी भरल्यास माल नाकारावा.

किती लागेल?

३० × ३० मीटर लांबी-रुंदीच्या, ३ मीटर खोलीच्या व एकास एक उताराच्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. त्याच्या तळास व बाजूंस मिळून सुमारे १,०३५ चौरस मीटर कागद लागतो. काठावरील चर व जोड यांसाठी अधिक धरावा.

अंथरताना घ्यावयाची काळजी

प्रथम दगड, मुळ्या व धसकटे वेचून पृष्ठभाग चोपून घ्यावा. उन्हाने कागद प्रसरण पावतो व थंडीने आकसतो. म्हणून तो सकाळच्या गारव्यात, किंचित सैल अंथरावा. जोड उष्णतेने सांधावेत व बाजूंवर ते उताराच्या दिशेने ठेवावेत. कडा काठावरील चरात गाडाव्यात. पाणी आत घेण्यापूर्वी गाळ अडविण्याची सोय असावी.

अस्तराने झिरपा थांबतो, बाष्पीभवन थांबत नाही. म्हणून पाण्याचा हिशेब करताना ही तूट धरावी.

ओला कागद अतिशय निसरडा असतो. आत पडलेले मूल किंवा जनावर आपल्या बळावर वर येऊ शकत नाही. यास्तव भोवती तारेचे कुंपण करावे व चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवावेत. या गोष्टी पूर्ण झाल्याखेरीज तळे भरू नये, हे ग्रामसेवकांनी प्रत्येक शेतकरी बंधूस आवर्जून समजावून सांगावे.