वेळेचं सोंग
ब्राउझरमध्ये 'पीसीजेएस' उघडलं की एका चौकटीत काळा पडदा येतो आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटी आडवी रेघ लुकलुकायला लागते. काही वेळ पुढे काहीच घडत नाही. यंत्र अडलेलं नसतं, ते आपली मेमरी तपासत असतं. 12 ऑगस्ट 1981 ला जाहीर झालेला आयबीएमचा मूळ पीसी तपासायचा तसंच. फ्लॉपी नसेल तर ते थेट बेसिक भाषेत शिरतं आणि 'ओके' लिहून वाट बघत बसतं. मी दोन ओळींचा प्रोग्रॅम टाइप केला, चालवला आणि नंतरही बराच वेळ त्या पडद्यासमोरून उठलो नाही. लॅपटॉपमध्ये मी काहीच इन्स्टॉल केलं नव्हतं. टॅब बंद केला की हा सगळा संगणक नाहीसा होणार होता.

याला एम्युलेटर म्हणतात. आपल्या ओळखीची उपमा द्यायची तर हा बहुरूपी आहे. फौजदाराचं सोंग आणणारा बहुरूपी नुसती खाकी घालून भागवत नाही. चाल, आवाज, दरडावणं, सगळं उचलतो. एम्युलेटरही जुन्या यंत्राचं वागणं उचलतो. त्या पीसीत इंटेलचा 8088 प्रोसेसर होता आणि त्याला जास्तीत जास्त 1 मेगाबाइट मेमरी दिसायची. ब्राउझरमध्ये ही मेमरी म्हणजे 10,48,576 आकड्यांची एक लांबलचक रांग. प्रोसेसरच्या आतले कप्पे म्हणजे काही चल राशी. खरा 8088 वीज मिळताच मेमरीच्या टोकापासून 16 बाइट अलीकडे जाऊन पहिली आज्ञा वाचायचा. सोंगातला 8088 ही तिथेच जातो. आज्ञा वाच, तिचा अर्थ लाव, ती पाळ, पुढची वाच. सेकंदाला लाखो वेळा हेच.

तुम्ही 'ए' दाबलात की ब्राउझर जावास्क्रिप्टला कळवतो. पण 1981 च्या प्रोग्रॅमला ब्राउझर ठाऊक नाही. त्याला कीबोर्डकडून 30 हा आकडा हवा असतो आणि बोट उचललं की 158. एम्युलेटर मध्ये उभा राहून हे दुभाष्याचं काम करतो. स्पीकर, फ्लॉपी, पडद्यावरची अक्षरं, प्रत्येकासाठी असाच एकेक दुभाषा लिहावा लागतो.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. एम्युलेटर लिहिणाऱ्यांसाठी पैशाच्या जागी वेळ आहे. 8088 चा ठोका 4.77 मेगाहर्ट्‌झचा. हा विचित्र आकडा आला अमेरिकी रंगीत टीव्हीमुळे: टीव्हीच्या रंगसंकेताशी जुळणारा 14.318 मेगाहर्ट्‌झचा एकच स्फटिक घेऊन आयबीएमने त्याला 3 ने भागलं आणि प्रोसेसरला दिलं. 12 ने भागून टायमरला दिलं. त्यातूनच पीसीचं घड्याळ सेकंदाला 18.2 वेळा टिकटिकू लागलं. त्या काळचे कित्येक खेळ हाच वेग गृहीत धरून लिहिलेले आहेत. आजचा प्रोसेसर मोकळा सोडला तर खेळ डोळ्याचं पातं लवायच्या आत संपेल. म्हणून एम्युलेटर पडद्याच्या दर साठांश सेकंदाला साधारण 79,500 ठोक्यांचं काम करतो आणि थांबतो.

एवढ्यानेही भागत नाही, हे 2015 साली जर्मनीतल्या 'रिव्हिजन' मेळाव्यात सादर झालेल्या '8088 एमपीएच' या प्रात्यक्षिकाने दाखवलं. 16 रंगांच्या जुन्या सीजीए कार्डातून त्याच्या कर्त्यांनी 1024 रंग काढले, तेही खऱ्या पीसीवर. जुन्या मेमरीला साधारण दर 15 मायक्रोसेकंदांनी उजाळा द्यावा लागतो आणि तेवढ्यापुरता प्रोसेसर खोळंबतो. असल्या खोळंब्यांचाही हिशेब त्यांनी धरला होता. तेव्हाचे एम्युलेटर या प्रात्यक्षिकापुढे कोलमडले. 2022 साली 'एरिया 5150' या प्रात्यक्षिकाने आणखी वरचा डाव टाकला. त्याचे सगळे खेळ जमले ते 'मार्टीपीसी' या एम्युलेटरला, पुढच्या वर्षी. मला या कामाचा फार आदर वाटतो. यंत्राचे गुण कुणीही उचलेल, पण इथे माणसं त्याचं अडखळणंसुद्धा मोजून उचलतात.

ब्राउझरला हे झेपेल, असं फार जणांना वाटत नव्हतं. 2011 साली फ्रान्सच्या फाब्रिस बेलार याने नुसत्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या पीसीवर लिनक्स सुरू करून दाखवलं. 2015 च्या जानेवारीत इंटरनेट आर्काइव्हने डॉसचे सुमारे 2,400 खेळ थेट ब्राउझरमध्ये खेळायला ठेवले. पुढे ब्राउझरमध्ये प्रोग्रॅम वेगाने चालवणारी वेबअसेंब्ली आली आणि वेगाची अडचण बरीचशी मिटली. आज 'व्ही86' या ब्राउझरमधल्या एम्युलेटरवर विंडोज 98 सुद्धा चालतं.

आता आपल्या घरचा प्रश्न. डॉसच्या काळात मराठी पडद्यावर आणायला पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड असायचं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या कामातून ते तंत्र आलं होतं. कार्ड पीसीच्या खाचेत बसवलं की वर्डस्टार किंवा डीबेससारख्या इंग्रजी प्रोग्रॅममध्येही देवनागरी उमटायची. म्हणजे ते दिवस पुन्हा उभे करायचे तर नुसत्या पीसीचं सोंग पुरणार नाही, कार्डाचंही आणावं लागेल. भारतीय लिप्यांतल्या अक्षरांना आकडे नेमून देणाऱ्या 1991 च्या इस्की मानकात 'क' म्हणजे 179. मूळ पीसीच्या अक्षरतक्त्यात 179 म्हणजे एक उभी रेघ. 'क' पासून 'ह' पर्यंतची सगळी व्यंजनं नेमकी चौकटी आखायच्या रेघांवर पडतात आणि हलन्त ग्रीक 'फाय'वर. त्यामुळे इस्कीतली फाइल ब्राउझरमधल्या पीसीत नुसती उघडली तर 'कमल'च्या जागी चौकटीचे तीन तुकडे दिसतील.

नुसता मजकूर सोडवता येतो, कारण युनिकोडची देवनागरी इस्कीवरच बेतलेली आहे. पण तेव्हाच्या कारकुनाला किंवा छापखान्यातल्या माणसाला पडद्यावर काय दिसत होतं, कळ दाबल्यावर अक्षर कसं जुळत होतं, हे दाखवायला कार्डातल्या चिपमधला मजकूर हवा, माहितीपुस्तिका हव्यात. कुणाच्या माळ्यावर असं कार्ड असेल तर भंगारात देऊ नका. त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, सोबतच्या फ्लॉपी आणि पुस्तिका एकाच खोक्यात ठेवा, आणि चिप वाचता येणाऱ्या माणसाच्या हाती ते खोकं द्या. फ्लॉपीवरचं चुंबकत्व दर वर्षी थोडं थोडं विरत चाललं आहे.