भागाचा मजकूर: ट्यूब ॲम्पला मल्टि-इफेक्ट्स जोडताना चार केबल का?

मागच्या गणपतीत राजारामपुरीतल्या एका कार्यक्रमात माझ्या सोलोचा पार चिखल झाला. गिटार मल्टि-इफेक्ट्सला आणि तिथून थेट ॲम्पच्या इनपुटला, अशी जोडणी होती. चूक क्रमाची होती.

ट्यूब ॲम्पचे दोन भाग. प्रीॲम्पमध्ये डिस्टॉर्शन तयार होतं; पॉवर ॲम्प आवाज वाढवून स्पीकरला देतो. डिले आधी लावला, तर त्याचे हळूहळू विरणारे प्रतिध्वनीही प्रीॲम्प जवळजवळ मूळ सुराइतके मोठे करतो. कोडसारखंच आहे भावा, फंक्शन तीच, पण क्रम बदलला की आउटपुट बदलतं. म्हणून डिले आणि रिव्हर्ब या दोन भागांच्या मधे हवेत. ती जागा म्हणजे ॲम्पच्या मागचा इफेक्ट्स लूप.

चार केबल अशा लावा:
1. गिटारमधून मल्टि-इफेक्ट्सच्या इनपुटला.
2. मल्टि-इफेक्ट्सच्या सेंडमधून ॲम्पच्या इनपुटला.
3. ॲम्पच्या सेंडमधून मल्टि-इफेक्ट्सच्या रिटर्नला.
4. मल्टि-इफेक्ट्सच्या आउटपुटमधून ॲम्पच्या रिटर्नला.

वाह, ओव्हरड्राइव्ह सेंडच्या आधी. डिले, रिव्हर्ब रिटर्ननंतर. ॲम्प सिम्युलेशन बंद. झूम जी1 फोरसारख्या छोट्या युनिटला सेंड-रिटर्न नसतं. मग ते नुसतं लूपमध्ये जोडा आणि डिले-रिव्हर्बच वापरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मागचा ‘स्पीकर’ जॅक म्हणजे सेंड नव्हे! त्यात मल्टि-इफेक्ट्स खोचलं तर ते जळू शकतं, आणि स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. आधी लेबल वाचा, मगच केबल लावा. भेटू पुढच्या भागात!