होडीवाला ‘नाही’ म्हणतो तेव्हा...

सुट्टी लागली की घरोघरी सहलीचे बेत शिजू लागतात. कोकणात जायचं ठरलं तर मुरुडचा जंजिरा यादीत असतोच. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसायचं आणि भर पाण्यातल्या किल्ल्यावर उतरायचं, या कल्पनेनंच मुलं हरखून जातात. पण ऐन वेळी वारा सुटतो. होडीवाला मान हलवतो, “आज नाय जमायचं!” मुलांचे चेहरे उतरतात, पुरुषमंडळी हुज्जत घालू लागतात. अशा वेळी आपण बायकांनी काय करावं?

आधी तो नाही का म्हणतो, ते समजून घेऊ या. मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते, म्हणून हा धडा मला पाठच आहे! दिवसा जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश. जमिनीवरची तापलेली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येतो. हेच आपण शाळेत शिकलेले खारे वारे. दुपारी त्यांचा जोर वाढतो आणि मे महिन्यात, पावसाळा जवळ आला की, तो अधिकच जाणवतो. शिडाच्या होडीला वारा हवाच, पण बेताचा. एकाएकी जोराचा झोत आला तर होडी कलंडते. त्यातून ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर निघालेलं आणि वारा समोरून, अशी गाठ पडली की लाटा उंच उठतात. होडी वरखाली होत असताना मूल कडेवर घेऊन उतरणं म्हणजे केवढी जोखीम!

दोन वर्षांपूर्वी आमच्यावर हाच प्रसंग आला. बरोबर सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई होत्या. जंजिरा पाहायची त्यांची फार वर्षांची इच्छा. होडीवाल्यानं नकार देताच भावोजी म्हणाले, “दुप्पट पैसे घ्या, पण चला.” होडीवाला गप्पच. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, “अगं, पुन्हा माझ्यानं येणं होईल का?” माझ्या पोटात कालवलं. तरी मी म्हटलं, “आई, ते मला सांगता येत नाही. पण आज जायचं नाही.” त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनीच होडीवाल्याला विचारलं, “दार कुठल्या अंगाला आहे हो?” त्यानं बोट दाखवलं, होडी अगदी जवळ जाईपर्यंत ते दिसत नाही, हेही सांगितलं. भावोजींचा राग मात्र मुंबईला पोचेपर्यंत गेला नाही. सासूबाईंचा जंजिरा अजून पाहायचा राहिलाच आहे.

बाई भित्री आहे, असं कुणी म्हणालं तर म्हणू द्यावं. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट खवळलेल्या समुद्रात उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. ती तर इंजिनाची मोठी बोट होती. आणि जंजिऱ्याचंच पाहा. १६८२ साली संभाजीमहाराजांनी समुद्रात दगडांचा भराव घालून वाट करायला घेतली, तरी हा किल्ला हाती आला नाही. तिथं आपल्या सुट्टीची घाई काय चालणार?

म्हणून काही गोष्टी आधीच ठरवाव्यात. पावसाळ्यात या होड्या बंद असतात, तेव्हा हिवाळ्यातले दिवस निवडावेत. धक्क्यावर सकाळीच पोचावं. निघण्यापूर्वी हवामान खात्यानं मच्छीमारांना दिलेला इशारा पाहावा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे तिथं वादळी वाऱ्याचा धोका आहे, असं समजावं. होडीत बसायच्या आधी प्रत्येकाला लाइफ जॅकेट मागून घ्यावं. ती पुरेशी नसतील किंवा होडीत दाटीवाटी होत असेल, तर आपणच मागे सरावं.

शिवाय हाताशी दुसरा बेत असू द्यावा. राजपुरीजवळच खोकरीचे दगडी घुमट आहेत. मुरुडच्या किनाऱ्यावरून पद्मदुर्ग दिसतो. रेवदंड्याच्या बाजूला कोरलईचा किल्ला आहे, तिथं चढून जाता येतं. पायथ्याच्या गावात पोर्तुगीजांच्या काळापासूनची एक वेगळीच बोली आजही बोलतात, ती मुलांना जरूर ऐकवा. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी जास्तीची घेतली की दिवस उपाशी जात नाही.

एक मात्र घरातून निघतानाच सर्वांना बजावून सांगा: “होडीवाला नाही म्हणाला, तर कुणीही दुसऱ्यांदा विचारायचं नाही.” धक्क्यावरचा निम्मा वाद तिथंच मिटतो, बरं का!