घोडे आणि लगाम : सत्तरच्या दशकातील वेगवान मोटारसायकली

मोटारसायकलींची तुलना करायला बसलेली मंडळी बहुधा दोनच प्रश्न विचारतात. किती सीसी? आणि किती पळते? किती अंतरात थांबते, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. १९७० च्या दशकात जगातील मोठमोठ्या कारखान्यांनीही पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे झटपट दिली आणि तिसऱ्याच्या उत्तराला बराच वेळ लावला. त्या दशकातील नामांकित गाड्या आजही भिंतीवरच्या चित्रांत झळकतात, त्यांच्या अश्वशक्तीचे आकडे तोंडपाठ असणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात एकदोन तरी सापडतात. परंतु नुसत्या आकड्यांवरून त्यांचा क्रम लावला तर तो चुकतो. का चुकतो, ते या लेखात पाहावयाचे आहे.

प्रारंभ १९६९ सालापासून करणे सोयीचे. तोपर्यंत वेगवान मोटारसायकल म्हणजे इंग्लंडची, ट्रायम्फ, नॉर्टन नाहीतर बीएसए. आवाज रुबाबदार, पण जोरात पळविली की हातापायांना मुंग्या येत, तेल गळे आणि किक मारता मारता मालकाचा घाम निघे. त्या वर्षी होंडाने ‘सीबी ७५०’ बाजारात आणली. प्रत्यक्षात ७३६ सीसी, एका ओळीत चार सिलिंडर, ६७ अश्वशक्ती, बटण दाबताच सुरू होणारे इंजिन आणि पुढच्या चाकाला द्रवदाबावर चालणारा डिस्क ब्रेक. मोठ्या प्रमाणावर तयार होणाऱ्या रस्त्यावरच्या मोटारसायकलीला असा ब्रेक देण्याची पद्धत तिनेच रूढ केली. अमेरिकेत तिची किंमत १,४९५ डॉलर होती. इंग्रज कारखाने त्या काळात आधीच अडचणीत होते. या गाडीने त्यांचे कंबरडेच मोडले.

त्याच वर्षी कावासाकीने अगदी वेगळी वाट धरली. तिची ‘एच-१ मॅक ३’ केवळ ५०० सीसीची, तीन सिलिंडरची, पण टू-स्ट्रोक. अश्वशक्ती ६०! आता ५०० सीसीतून ६० आणि ७५० सीसीतून ६७ हे गणित कसे जमले? चार धावांच्या, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिनात दट्ट्याला एकदा ताकदीचा धक्का मिळण्यासाठी फ्लायव्हीलचे दोन फेरे व्हावे लागतात. टू-स्ट्रोकमध्ये तो धक्का प्रत्येक फेऱ्याला मिळतो. हिशेबाने ताकद दुप्पट व्हावयास हवी. पण ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराड्यातून निसटून जातो, म्हणून ती तेवढी होत नाही. हे निसटणे थांबविण्यासाठी सायलेन्सरचा आकार असा करतात की आतली दाबाची लाट परत फिरून मिश्रणाला पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. गोम अशी, की ही लाट इंजिनाच्या ठराविक फेऱ्यांनाच वेळेवर परतते. त्याखाली गाडी मरगळलेली वाटते आणि त्या टप्प्यात शिरली की एकाएकी उसळी घेते. एच-१ चे पुढचे चाक अशा वेळी सहज उचलले जाई. तिला परदेशात ‘विधवा करणारी’ असे नाव पडले ते उगीच नव्हे. आणि १९६९ च्या त्या पहिल्या मॉडेलला पुढे होता साधा ड्रम ब्रेक!

येथे एक हिशेब करून पाहू. होंडा सुमारे २१८ किलोची, एच-१ सुमारे १७४ किलोची. दोहोंवर ६५ किलोचा स्वार बसविला, तर होंडाच्या प्रत्येक अश्वशक्तीच्या वाट्याला ४.२ किलो येतात आणि कावासाकीच्या ४ किलो. म्हणजे सीसी दोनतृतीयांश असूनही सिग्नलवरून सुटताना कावासाकीच पुढे जाणार. सीसीवरून गाडीची ताकद मोजू नये, हा पहिला धडा येथेच मिळतो.

कावासाकीनेही पुढे फोर-स्ट्रोककडे मोर्चा वळविला. होंडा आली तेव्हा तिचे स्वतःचे ७५० सीसीचे काम चालूच होते. ते बाजूला ठेवून १९७२ मध्ये तिने ९०३ सीसीची ‘झेड-१’ आणली. माथ्यावर दोन कॅमशाफ्ट आणि ८२ अश्वशक्ती. ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जाणारी ही गाडी दशकातली सर्वांत दणकट इंजिनाची मानली गेली, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. १९७८ मध्ये होंडाने ‘सीबीएक्स’ काढून कळस केला. सहा सिलिंडर, २४ झडपा, १०४७ सीसी, १०५ अश्वशक्ती.

पण एवढ्या अश्वशक्तीने वेग किती वाढला? आपल्या मंचेरियलच्या कोळसापट्ट्यात सर्वांच्या परिचयाची जुनी बुलेट ३५० घ्या. तिची अश्वशक्ती १८ आणि वेग फार तर ताशी ११५-१२० किलोमीटर. झेड-१ ची ताकद तिच्या साडेचार पटींहून अधिक. वेग मात्र दुपटीलाही पोहोचत नाही. कारण हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि तो विरोध मोडून पुढे जाण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट हवा असेल तर शक्ती आठपट लागते. म्हणून ६० वरून १०५ अश्वशक्तीवर उडी मारली, तरी हिशेबाने शेवटचा वेग जेमतेम वीस टक्क्यांनी वाढतो. जाहिरातीतले मोठाले आकडे वाचताना हे घनमूळ ध्यानात ठेवावे.

शक्ती वाढत गेली; सांगाडा, स्प्रिंगा आणि टायर मात्र मागेच राहिले. जपानी गाड्या सरळ रस्त्यावर बाणासारख्या जात, पण वेगात वळण आले की त्यांच्या नळ्यांचा सांगाडा पिळवटे आणि हँडल थरथरू लागे. युरोपातले कारखाने नेमके येथे वरचढ ठरले. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू ‘आर ९० एस’ची अश्वशक्ती ६७ च होती, पण दिवसभर वेगाने चालविली तरी स्वार थकत नसे. इटलीच्या डुकाटीत फाबिओ ताल्योनी या अभियंत्याने झडपा स्प्रिंगने नव्हे, तर दुसऱ्या कॅमनेच बंद करण्याची योजना वापरली होती. शिवाय गाडी सडपातळ आणि सांगाडा ताठ. १९७२ मध्ये इमोला येथील २०० मैलांच्या शर्यतीत पॉल स्मार्ट आणि ब्रुनो स्पाज्जारी यांनी डुकाटीवर पहिला व दुसरा क्रमांक पटकावला. त्याहून बोलका प्रसंग १९७८ चा. माइक हेलवुड अकरा वर्षांच्या खंडानंतर, वयाच्या ३८ व्या वर्षी, आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत उतरला आणि डुकाटीवर बसून त्याने होंडावरच्या फिल रीडला मागे टाकले. डोंगराळ गावरस्त्यांवरची ती शर्यत. तेथे प्रत्येक वळणाला गाडीवर किती भरवसा ठेवता येतो, यावर निकाल लागतो.

जपान्यांनी हा धडा घेतला, हेही सांगितले पाहिजे. सुझुकीची १९७८ ची ‘जीएस १०००’ ही ताकद आणि तोल दोन्ही सांभाळणारी गाडी होती. मला त्या दशकातली एकच गाडी निवडायला सांगितली, तर मी सीबीएक्सची सहा नळकांडी सोडून हीच निवडीन.

आता ब्रेककडे वळू. मंचेरियलहून आसिफाबाद-वांकिडीमार्गे चंद्रपूरकडे जाणारा रस्ता डोळ्यांसमोर आणा. समोरून कोळशाचा टिपर, कडेने गुरे. रस्ता कोरडा आहे आणि ब्रेक चांगले आहेत असे धरले, तरी ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंत सुमारे २३ मीटर जाते. १२० च्या वेगाने ९० मीटरांहून अधिक, आणि २०० च्या वेगाने अडीचशे मीटरांच्या पुढे. डोळ्यांनी पाहिल्यापासून हात-पाय हलेपर्यंत जाणारा एक सेकंद यात धरलेलाच नाही. २०० च्या वेगाने त्या एका सेकंदात आणखी ५५ मीटर मागे पडतात.

थांबताना गाडीची सारी गतिज ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. स्वारासह ३०० किलोची गाडी २०० च्या वेगावरून थांबविली, तर जी उष्णता निघते तिने सुमारे दीड लिटर पाण्याला उकळी फुटेल. डिस्क उघड्यावर असते. वारा लागून ती लवकर निवते. ड्रम बंद डब्यासारखा. तो तापून फुगला की आतल्या पट्ट्यांची पकड सुटते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी दाबलेला ब्रेक नुसताच दाबला जातो. दशकाच्या शेवटी मोठ्या गाड्यांना पुढे दोन-दोन डिस्क आल्या त्या यामुळे.

भारतात हे सारे फक्त चित्रात पाहावयाचे होते. आयातीवर कडक निर्बंध असल्याने आपल्या रस्त्यांवर मुख्यत्वे तीन नावे होती. मद्रासची एन्फील्ड बुलेट, ‘बॉबी’ चित्रपटामुळे १९७३ नंतर तरुणांच्या तोंडी झालेली राजदूत, आणि म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची जावा, म्हणजेच १९७३ पासूनची येझदी. आपल्या कन्नड विभागाचे वाचक येझदीवर थोडा अधिक हक्क सांगतील, आणि तो मान्य आहे! एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, किक आणि गिअरला एकच दांडा. असा साधेपणा पुन्हा पाहावयास मिळाला नाही. १९७८ च्या येझदी रोडकिंगची अश्वशक्ती १६ होती. १६ आणि १८ अश्वशक्तीच्या या गाड्यांना ड्रम ब्रेक पुरत होते, कारण घोडे आणि लगाम एकमेकांना साजेसे होते.

हा मेळ १९८३ मध्ये बिघडला. त्या वर्षी एस्कॉर्ट्सने यामाहाची सत्तरच्या दशकातील ‘आरडी ३५०’ ही गाडी राजदूत ३५० या नावाने भारतात आणली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. मूळ गाडीची ३९ अश्वशक्ती येथे सुमारे ३०.५ पर्यंत उतरविली होती, आणि पुढच्या एका प्रकारात ती २७ च्या आसपास आणली. तरीही बुलेटवरून उठून तिच्यावर बसणाऱ्याला तो धक्काच होता. स्वार धरून हिशेब केला, तर बुलेटला अश्वशक्तीमागे जवळजवळ १३ किलो ओढावे लागत. राजदूतला केवळ ७. मूळ आरडीला परदेशात पुढे डिस्क मिळत असे. आपल्याकडे मात्र पुढेही ड्रमच बसविला. गाडी पेट्रोल भरपूर पिई, सुटे भाग महाग पडत, आणि १९९० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. दरम्यान होंडा, सुझुकी, यामाहा आणि कावासाकी हे चारही जपानी दिग्गज १९८४ ते १९८६ या काळात भारतीय भागीदार घेऊन येथे आले. सीबीएक्स आणि झेड-१ घडविणाऱ्या या कंपन्यांनी आपल्यासमोर ठेवल्या त्या १०० सीसीच्या गाड्या. लिटरमागे किती किलोमीटर, हाच येथला चौथा प्रश्न होता आणि तो पहिल्या तिन्हींना पुरून उरला.

आज त्याच राजदूत ३५० ला लाखांत किंमत येते आणि ती घेण्याची हौस असलेले विद्यार्थी आपल्यातही आहेत. हौस जरूर करावी. मात्र घेण्यापूर्वी पुढचा ड्रम उघडून आतल्या पट्ट्या आणि ड्रमची गोलाई जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्यावी. आणि बुलेटची सवय असलेल्याने एक गोष्ट आधी मोकळ्या मैदानावर अनुभवावी. फोर-स्ट्रोक बुलेटचे थ्रॉटल सोडले की इंजिनच गाडीला मागे ओढते. टू-स्ट्रोकमध्ये ही ओढ फार थोडी असते; थ्रॉटल पूर्ण बंद केले तरी गाडी पुढे धावतच राहते.