पेटीवरील अक्षरे पुरेशी नाहीत
पेटीवर ‘५-जी’ छापलेले दिसले की ग्राहक निश्चिंत होतो. परंतु लहरी अक्षरे वाचीत नाहीत. १ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतात ही सेवा सुरू झाली, तेव्हा आयफोन १२ बाळगणारेही तिला पारखेच राहिले. यंत्र समर्थ होते. त्याला मोकळीक देणारी आज्ञावली मात्र डिसेंबरात आली. जिओने स्वतंत्र जाळे विणले, तर एअरटेलने प्रारंभी ४-जीचा आधार घेतला. शिवाय ७०० व ३३०० मेगाहर्ट्‌झ हे लहरींचे पट्टे यंत्रास मानवले पाहिजेत. परदेशस्थ आप्ताने प्रेमाने आणलेला सिमकार्डाचा टॅब्लेट येथील जाळ्यास जुळेलच, याची हमी कोण देणार? औषधाच्या वेष्टनावर घटक छापावे लागतात. मग यंत्राच्या पेटीवर लहरींचे पट्टे ठळकपणे छापण्याची सक्ती सरकारने का करू नये? तोवर ग्राहकाने दुकानातच आपले सिमकार्ड घालून खात्री करावी, हेच शहाणपण.