उभी गाडीसुद्धा वीज खाते



आज पापड-मसाल्याचा विषय नाही आणि कर्जाच्या हप्त्याचाही नाही. आज बोलायचं आहे दारात उभ्या असलेल्या चारचाकीबद्दल. "आमच्याकडे कुठली गाडी?" असं म्हणून उठू नका. आता गावात दर चार घरांआड एखादी गाडी दिसते, आणि अडीनडीला ती सगळ्या आळीच्या कामाला येते.

आमचा गट डोंबिवलीच्या कडेचा, कल्याण-शीळ रस्त्यापासून थोडा आत. आमच्याकडे घरातला कमावता माणूस पहाटेची लोकल पकडून ठाण्याला नाहीतर मुंबईला जातो. हौसेनं घेतलेली गाडी मात्र आठवडेच्या आठवडे उभी असते. लग्नकार्य निघालं, टिटवाळ्याच्या गणपतीला जायचं ठरलं, की तेवढ्यापुरती ती बाहेर निघते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासूबाईंना रात्री दोनच्या सुमारास छातीत कळ आली. यजमान धावत गाडीत बसले, चावी फिरवली, तर नुसतं टिक-टिक-टिक. गाडी काही केल्या सुरू होईना. शेजारच्यांना उठवून, नाक्यावरून रिक्षा आणून दवाखाना गाठेपर्यंत अर्धा-पाऊण तास गेला. सासूबाई वाचल्या, आज छान हिंडतात-फिरतात. पण दुसऱ्या दिवशी घरात एकच प्रश्न होता, "गाडीतला दिवा कुणी चालू ठेवला?" शेवटचं सामान ताईंनी काढलं होतं, म्हणून सगळ्यांची बोटं त्यांच्याकडे. चार दिवस ताईंच्या घशाखाली घास उतरला नाही.

मग मेकॅनिक आला. त्यानं पाहिलं तर एकही दिवा चालू नव्हता. बॅटरी चार वर्षांची जुनी, आणि गाडी जवळजवळ महिनाभर जागची हलली नव्हती. तो म्हणाला, "वहिनी, उभी गाडीपण बॅटरी खाते." त्या दिवशी आम्ही ठरवलं की ही माहिती आपल्याला हवी. ती आम्ही मेकॅनिककडून, बॅटरीच्या दुकानातून गोळा केली आणि आमच्या बैठकीत सगळ्यांना सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

बॅटरीला आपल्या बचत खात्यासारखं समजा. गाडी सुरू करताना सेल्फला एका दमात खूप वीज लागते, ती या खात्यातून निघते. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर, ज्याला पुष्कळजण डायनामो म्हणतात, तो वीज बनवून खात्यात परत भरतो. गाडी उभी असताना भरणा बंद होतो, पण काढणं चालूच राहतं. घड्याळ, चोरीची घंटी, रिमोटचं कुलूप, गाण्याच्या यंत्राची आठवण, ही सगळी थोडी थोडी वीज घेत असतात. कॅमेरा किंवा ठावठिकाणा सांगणारं यंत्र बसवलं असेल तर खर्च आणखी वाढतो.

हिशोब मांडून बघू. या सगळ्याला मिळून ५० मिलीअँपिअर वीज लागते असं धरा. एवढी असणं नेहमीचंच, त्यात बिघाड काही नाही. चोवीस तासांत ती १.२ अँपिअर-तास होते. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे दोन आठवड्यांत निम्मं खातं रिकामं, आणि महिनाभरात खडखडाट. बॅटरी जुनी असेल तर त्याहून आधीच. शिवाय काहीही जोडलेलं नसलं तरी बॅटरी आपली आपण थोडी उतरतेच, आणि उन्हाळ्यात जास्त लवकर उतरते. म्हणून गाडी सावलीत लावावी.

उतरलेली बॅटरी तशीच ठेवली तर नुकसान कायमचं होतं. आत शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाचं आम्ल असतं. बॅटरी उतरली की पट्ट्यांवर पांढरट थर धरतो. वेळेत चार्ज केली तर तो विरघळतो, फार दिवस गेले तर घट्ट बसतो. मग कितीही चार्ज करा, वीज टिकत नाही. २०२० च्या टाळेबंदीत लोकल बंद आणि गाड्याही दारात उभ्या होत्या. त्यानंतर किती जणांच्या गाड्या धक्का मारूनही सुरू झाल्या नाहीत, ते आठवून बघा.

आता करायचं काय?

पहिलं, आठवड्यातून एकदा गाडी निदान अर्धा तास रस्त्यावर चालवा. पुष्कळ घरांत रोज सकाळी पाच मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवतात. त्यानं पेट्रोल जळतं, बॅटरी फारशी भरत नाही. जागेवरच्या मंद इंजिनावर अल्टरनेटर कमी वीज देतो, आणि बॅटरी भरायला वेळ लागतो. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन कधीच चालू ठेवू नका, तो धूर जिवावर बेततो.

दुसरं, गाडीतून उतरताना हात लावून बघा. आतला दिवा, डिकीचा दिवा, मोबाइलचा चार्जर, दार नीट लागलंय का. दार अर्धवट राहिलं तर दिवा रात्रभर जळू शकतो.

तिसरं, गाडी तीन-चार आठवडे उभी राहणार असेल, म्हणजे सगळे गावाला चाललात, तर बॅटरीची काळी तार सोडवून ठेवा. पुष्कळ छोट्या गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. आधी गाडी बंद करा आणि चावी स्वतःजवळ ठेवा, नाहीतर कुलूप लागून चावी आत राहायची. सोडवताना नेहमी काळी, म्हणजे वजा खुणेची तार आधी. जोडताना लाल आधी, काळी शेवटी. गाडीचा पत्रा काळ्या तारेला जोडलेला असतो, म्हणून उलटं केलं आणि पाना पत्र्याला लागला तर ठिणगी उडते. तार काढल्यावर घड्याळ पुन्हा लावावं लागतं आणि काही गाड्यांत गाण्याचं यंत्र सांकेतिक आकडा मागतं, तो आधी लिहून ठेवा. गाडी नवी असेल तर शोरूमला एकदा विचारून घ्या.

चौथं, मीटर. विजेच्या दुकानात साधा डिजिटल मीटर मिळतो, गटात मिळून एक घेतला तरी पुरतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर लावून बघा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. १२ किंवा त्याखाली गेली तर लगेच चार्ज करून घ्या. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या आसपास दिसायला हवं. तेवढं दिसत नसेल तर भरणाच होत नाही, मेकॅनिकला दाखवा. गाडी नियमित चालवूनही बॅटरी उतरत असेल तर वीज कुठेतरी गळतेय, तीही तो मीटर लावून शोधतो.

पाचवं, टोकांवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर तारा सोडवून, खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून जुन्या ब्रशनं घासा, पुसून कोरडं करा आणि व्हॅसलीनचा हात फिरवा. झाकणांची बॅटरी असेल तर त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं किंवा बोअरचं पाणी नाही. हातावर आम्ल उडालं तर भरपूर पाण्यानं धुवा. डोळ्यात गेलं तर धुवत धुवतच दवाखाना गाठा. बॅटरीजवळ काडी ओढू नका, चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो.

एवढं करूनही गाडी बंद पडली तर दुसऱ्या गाडीवरून तारा जोडून सुरू करता येते. लाल तार आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिक खुणेला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिक खुणेला. काळी तार चांगल्या बॅटरीच्या वजा खुणेला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. गाडी सुरू झाल्यावर उलट्या क्रमानं काढा. पहिल्यांदा जाणत्या माणसासमोरच करा.

बॅटरी संपलीच तर ती भंगारात फोडायला देऊ नका. शिसं विषारी असतं, लहान मुलांच्या मेंदूला बाधतं. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या, बहुधा किमतीतही सूट मिळते.

आणि एक विसरू नका. छातीत कळ असो की बाळंतकळा, आधी १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका फुकट येते. गाडीशी झटापट करत वेळ घालवू नका.

आमच्या गटात आता चार गाड्यांची नोंद वहीत असते, कधी चालवली, मीटरवर किती दाखवलं. त्या ताईंनी मीटर लावायला स्वतः शिकून घेतलं. रविवारी यजमान गाडी काढतात, ताई शेजारी बसतात, शीळ फाट्यापर्यंत जाऊन येतात. आणि आठवण कोण करतं माहीत आहे? सासूबाई. सकाळी चहाबरोबर विचारतात, "अगं, आज किती व्होल्ट?"

तुमच्या आळीत एखादी गाडी महिनाभर उभी असेल तर त्या घरच्या बाईला हे जरूर सांगा. येतो आम्ही. नमस्कार.