हॅरोचे घर विकले, त्याची गोष्ट

“एजंटाच्या घशात नऊ हजार पौंड कशाला घालायचे?” असे हे म्हणाले आणि कायमचे पुण्याला परतण्यापूर्वी लंडनमधल्या हॅरोतले आमचे घर आम्ही स्वतःच विकायला काढले. ह्यांचा हिशेब चोख होता. पाच लाख पौंडांच्या घरावर दीड टक्का दलाली म्हणजे ७५०० आणि वर २० टक्के व्हॅट. कायदा आड येत नाही. घराला वीज-गॅस किती लागतो याचा दाखला मात्र आधी मागवावा लागतो. कागदपत्रांसाठी सॉलिसिटर तर आम्ही नेमलाच होता.

पहिल्याच रविवारी एक जोडपे आले. बाई स्वयंपाकघरात शिरल्या नि नवऱ्याला हळूच म्हणाल्या, “हे सगळे उखडावे लागेल!” बावीस दिवाळ्यांच्या चकल्या मी तिथे तळलेल्या. “मग घेऊ नका!” मी बोलून गेले. गिऱ्हाईक गेले.

दुसऱ्याने किंमत कबूल केली, हात मिळवला. आम्ही पेढे वाटले. (विमानाची तिकिटेही काढली!) पण इंग्लंडात करारनाम्यांची अदलाबदल होईपर्यंत कुणीच शब्दाला बांधलेला नसतो. दहा आठवड्यांनी त्याने नकार कळवला. आपल्याकडच्यासारखा विसारही हातात नव्हता.

शेवटी एजंट आला. त्याची पहिली अट, “लोक घर पाहायला येतील तेव्हा बाईंनी फिरायला जावे.” मी मुकाट्याने बागेतल्या बाकावर जाऊन बसे. महिन्याभरात गिऱ्हाईक मिळाले, यथावकाश व्यवहार पुरा झाला. बिल ह्यांनी निमूट भरले.

“स्वयंपाकघराबद्दल नवी माणसे काही म्हणाली का हो?” मी एजंटाला विचारले.

तो नुसता हसला.